मानसशास्त्राच्या वर्गात मेंदूची रचना शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी कृतींचा क्रम

मेंदूच्या रचनेचे प्रकरण आले की मानसशास्त्राच्या बहुतेक वर्गांत एक ठरावीक क्रम दिसतो. पडद्यावर मेंदूची आकृती येते, तिच्यावर पंधरा-वीस नावे लिहिलेली असतात, विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेपर्यंत पाठ करतात. परीक्षा झाल्यावर हिप्पोकॅम्पसचा स्मृतीशी संबंध आहे एवढे लक्षात राहते. तो डोक्यात नेमका कुठे आहे, एक आहे की दोन, त्याच्या शेजारी काय आहे, हे विचारले तर उत्तर येत नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला विच्छेदनाच्या टेबलाशी ही रचना हाताने उमगते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती संधी सहसा मिळत नाही, त्यामुळे ती उणीव वर्गातल्या कृतींनीच भरून काढावी लागते.

या लेखातील कृती ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, कारण पुढची कृती मागच्या कृतीवर उभी आहे. कोणतीही कृती घेताना एक गोष्ट मात्र सोडू नये. मानसशास्त्राचा विद्यार्थी वर्तनाचा अभ्यासक असल्यामुळे प्रत्येक कृतीच्या शेवटी त्याच्यासमोर असा प्रश्न यायला हवा, की ज्याचे उत्तर देण्यासाठी त्या भागाची जागा माहीत असणे भाग पडेल: इथे इजा झाली तर माणसाच्या वागण्यात काय बदलेल, आणि वागण्यात असा बदल दिसला तर इजा कुठे शोधावी? हा प्रश्न नसेल तर रंग, माती आणि दोरे यांतून सुबक हस्तकला तयार होते, पण मेंदू समजत नाही.

तयारी: यादी आणि दिशा

पहिल्या तासाआधी शिक्षकाने भागांची यादी निश्चित करावी आणि ती जाणीवपूर्वक छोटी ठेवावी. फ्रंटल, पॅरायटल, टेम्पोरल आणि ऑक्सिपिटल हे चार लोब, सेंट्रल सल्कस आणि लॅटरल फिशर या दोन मोठ्या खाचा, मेड्युला, पॉन्स आणि मिडब्रेन मिळून होणारा मस्तिष्क स्तंभ, लहान मेंदू, थॅलॅमस, हायपोथॅलॅमस, हिप्पोकॅम्पस, अमिग्डला, बेसल गँग्लिया आणि कॉर्पस कॅलोसम एवढे पहिल्या फेरीत पुरे होते. भाषेची दोन क्षेत्रे, म्हणजे ब्रोका आणि वेर्निके, पुढे रुग्णकथांच्या वेळी आपोआप येतात. यादी वाढवण्याचा मोह टाळावा, कारण नावे वाढली की विद्यार्थी जागेकडे पाहणे सोडून नावाकडे पाहू लागतात.

त्यानंतर दिशांचे शब्द घ्यावेत. अँटिरियर म्हणजे पुढचे, पोस्टिरियर म्हणजे मागचे, मीडियल म्हणजे मध्यरेषेकडचे आणि लॅटरल म्हणजे बाजूचे, हे सहज समजते. घोटाळा होतो तो डॉर्सल आणि व्हेंट्रल या शब्दांपाशी. पाठीच्या कण्यात डॉर्सल म्हणजे पाठीकडची बाजू, मेंदूत मात्र तोच शब्द डोक्याच्या माथ्याकडची बाजू दाखवतो. याचे कारण शब्दांत सांगत बसण्यापेक्षा एका विद्यार्थ्याला कमरेतून वाकून पाठ जमिनीला समांतर करायला आणि मान उचलून समोर पाहायला सांगावे. त्या स्थितीत पाठ आणि माथा दोन्ही वरच्या बाजूला येतात आणि डॉर्सल हा शब्द दोन्हींना सारखाच लागू पडतो. मग त्याला सरळ उभे राहायला सांगावे. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यात सरळ असलेला अक्ष माणूस उभा राहिल्यामुळे मिडब्रेनच्या आसपास वाकला आहे, हे विद्यार्थी स्वतः पाहतात आणि पुन्हा विसरत नाहीत.

पायरी पहिली: स्वतःच्या डोक्यावरचा नकाशा

या कृतीसाठी पोहताना घालतात तशा पातळ टोप्या आणि पाण्याने पुसले जाणारे मार्कर लागतात. टोप्या नसतील तर जाड कागदाच्या पट्ट्या डोक्याभोवती आणि डोक्यावरून गुंडाळून त्या चिकटवल्या तरी चालते. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात, जोडीदाराच्या डोक्याला हात लावण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी हे स्पष्ट सांगावे, आणि ज्यांना डोक्याला स्पर्श नको असेल त्यांना फुग्यावर किंवा चेंडूवर तीच आखणी करू द्यावी.

आखणीची सुरुवात हाडांच्या खुणांपासून होते. नाकाचा वरचा खोलगट भाग, म्हणजे जिथे नाक कपाळाला मिळते ती जागा, ही पहिली खूण. डोक्याच्या मागे मध्यरेषेवर बोटाला लागणारा उंचवटा ही दुसरी. या दोन खुणांमधले अंतर माथ्यावरून दोऱ्याने मोजावे आणि त्याचा मध्य काढावा. त्या मध्याच्या किंचित मागे सेंट्रल सल्कसचे वरचे टोक येते, आणि तिथून ही खाच दोन्ही बाजूंना खाली व पुढे, कानाच्या वरच्या भागाच्या दिशेने तिरकी उतरते. लॅटरल फिशर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या थोड्या मागून सुरू होऊन कानाच्या वरून मागे जाते. या दोन रेषा आखल्या की फ्रंटल, पॅरायटल आणि टेम्पोरल लोब आपोआप वेगळे होतात. मागच्या उंचवट्याच्या वरचा भाग ऑक्सिपिटल लोबचा आणि त्या उंचवट्याच्या खालचा भाग लहान मेंदूचा. प्रत्येक लोबला वेगळा रंग द्यावा आणि त्यासोबत रेघा, ठिपके, चौकटी असा वेगळा नमुनाही द्यावा, म्हणजे रंग ओळखण्यात अडचण असलेला विद्यार्थी मागे पडत नाही.

टोप्या डोक्यावर असतानाच प्रश्न विचारावेत. मागे पडून डोक्याचा पाठचा भाग आपटला तर दृष्टीवर परिणाम का होऊ शकतो? डोळे तर पुढे आहेत! कपाळावर आघात झाला तर कोणत्या लोबला धोका अधिक? विद्यार्थ्यांनी उत्तर तोंडी देण्याआधी त्या जागेवर बोट ठेवावे, असा नियम केला तर कृतीचा खरा उपयोग होतो. फ्रंटल लोब किती मोठा आहे याचे भानही इथेच येते. वहीतल्या आकृतीत तो चारांपैकी एक असतो, टोपीवर मात्र तो डोक्याचा जवळजवळ पुढचा तिसरा हिस्सा व्यापतो.

पायरी दुसरी: चुरगळलेला कागद

ही कृती दहा मिनिटांत होते आणि तेवढ्यातच संपवावी. सुमारे ५० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद कागद प्रत्येक गटाला द्यावा. माणसाच्या मेंदूचे बाह्यावरण, म्हणजे कॉर्टेक्स, पूर्ण उलगडले तर दोन्ही अर्धगोलांचे मिळून क्षेत्रफळ साधारण एवढेच भरते, आणि त्याची जाडी असते अवघी २ ते ४ मिलिमीटर. हा कागद दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल असा चुरगळावा आणि त्यानंतर वरून दिसणाऱ्या भागावरच मार्कर फिरवावा. कागद पुन्हा उलगडला की रंग न लागलेला भाग किती मोठा आहे ते दिसते. प्रत्यक्ष मेंदूतही कॉर्टेक्सचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांमध्ये लपलेला असतो. टोपीवरचा नकाशा म्हणजे संपूर्ण कॉर्टेक्स नव्हे, हे यातून कळते.

पायरी तिसरी: मातीचा मेंदू, आतून बाहेर

संपूर्ण मालिकेत एकच कृती करण्याइतका वेळ असेल तर ही करावी. मेंदूच्या आतील भागांची जागा सपाट चित्रातून कळणे फार अवघड असते, कारण हे भाग एकमेकांना वळसे घालून बसलेले आहेत. हिप्पोकॅम्पस मेंदूच्या अगदी मधोमध तरंगतो आहे अशी बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत असते, आणि ती मध्यछेदाच्या आकृतीवर आतले सगळे भाग एकाच पातळीवर दाखवल्यामुळे होते.

चार जणांच्या गटाला सहा-सात रंगांची माती, एक बारीक पण मजबूत दोरा आणि फूटपट्टी द्यावी. माणसाचा मेंदू पुढून मागे साधारण १६ ते १७ सेंटिमीटर लांब असतो. नमुना निम्म्या मापाचा केला तर माती पुरते आणि आतले भागही हाताळता येतात. बांधणी खालून आणि आतून करावी. प्रथम मस्तिष्क स्तंभ: खाली निमुळता मेड्युला, त्याच्यावर पुढच्या बाजूला फुगलेला पॉन्स, त्यावर आखूड मिडब्रेन. त्याच्या माथ्यावर डावीकडे आणि उजवीकडे असे दोन अंडाकृती थॅलॅमस ठेवावेत आणि त्यांच्या खाली, पुढच्या बाजूला, हायपोथॅलॅमसचा छोटा तुकडा लावावा. हायपोथॅलॅमस एवढा लहान कसा, अशी शंका इथे कोणीतरी हमखास काढतो, आणि भूक, तहान, शरीराचे तापमान आणि अंतःस्रावी ग्रंथींचे नियंत्रण या साऱ्याशी एवढ्याशा भागाचा संबंध आहे हे सांगण्याची हीच योग्य वेळ असते.

त्यानंतर बेसल गँग्लियाचे भाग थॅलॅमसच्या बाहेरच्या आणि पुढच्या बाजूला ठेवावेत. कॉडेट न्यूक्लियसचा पुढचा जाड भाग आणि थॅलॅमसला वळसा घालून टेम्पोरल लोबकडे उतरणारी त्याची शेपटी दाखवता आली तर उत्तम. वेळ कमी असेल तर हा बारकावा सोडावा. हिप्पोकॅम्पस मात्र घाईने करू नये. मातीची दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची वळी करून ती किंचित वाकवावी आणि जिथे पुढे टेम्पोरल लोबचा आतला काठ येणार आहे तिथे, म्हणजे थॅलॅमसच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक अशी बसवावी. तिच्या पुढच्या टोकाला अमिग्डलाचा छोटा गोळा येतो. प्रत्यक्ष अमिग्डला जेमतेम दीड ते दोन सेंटिमीटरचा असतो, म्हणून निम्म्या मापात तो एक सेंटिमीटरपेक्षा मोठा असू नये. फूटपट्टी लावून तपासायला सांगावे. विद्यार्थी भीतीशी जोडलेल्या या भागाला नेहमीच प्रमाणाबाहेर मोठा करतात. स्मृतीचा आणि भावनेचा भाग असे खेटून बसलेले पाहिले की भीतीदायक प्रसंग दीर्घकाळ स्पष्ट का आठवतात, याची चर्चा विद्यार्थी स्वतःहून सुरू करतात.

आता दोन अर्धगोल वेगवेगळे तयार करून दोन्ही बाजूंनी आतल्या भागांवर बसवावेत, त्यांना जोडणारी कॉर्पस कॅलोसमची कमान वेगळ्या रंगात मध्ये घालावी आणि शेवटी मागे, ऑक्सिपिटल लोबच्या खाली, लहान मेंदू लावावा. लहान मेंदू हा आकाराने दुय्यम वाटतो, पण माणसाच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज या एका भागात असतात, हे सांगितल्यावर विद्यार्थी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

खरे शिक्षण यापुढच्या टप्प्यात होते. नमुना कापण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने कोऱ्या कागदावर आपल्याला छेदात काय दिसेल त्याचे चित्र काढावे. एका गटाने कानापासून कानापर्यंत उभा छेद घ्यावा, दुसऱ्याने मध्यरेषेवरून पुढून मागे, आणि तिसऱ्याने आडवा. छेद दोऱ्याने घ्यावा, कारण सुरीने माती दबते आणि रंग एकमेकांत मिसळतात. मध्यरेषेवरच्या छेदात कॉर्पस कॅलोसम, थॅलॅमसची आतली बाजू आणि मस्तिष्क स्तंभ दिसतात, पण हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डला दिसत नाहीत. त्यांना शोधणारा गट गोंधळतो, आणि तो गोंधळ शिक्षकाने लगेच मिटवू नये. ते भाग मध्यरेषेवर नाहीत, बाजूला आहेत, हा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढावा. त्यानंतर त्याच पातळीवरचे एमआरआय चित्र पडद्यावर दाखवावे आणि मातीच्या छेदाशी ताडून पाहायला सांगावे. राखाडी रंगातली जी चित्रे आतापर्यंत अनाकलनीय वाटत होती ती या ताळमेळानंतर वाचता येऊ लागतात. नमुने फेकून न देता झाकून ठेवावेत, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत त्यांचा उपयोग आहे.

मूठ मिटून मेंदू दाखवण्याची एक प्रचलित युक्ती आहे, ज्यात मनगट म्हणजे मस्तिष्क स्तंभ, तळव्यात दुमडलेला अंगठा म्हणजे भावनांशी संबंधित भाग आणि वरून झाकणारी बोटे म्हणजे कॉर्टेक्स. उजळणीसाठी ती चांगली आहे. मात्र तिच्यातून मेंदू तीन थरांत एकावर एक रचत गेला आणि वरचा थर खालच्याला लगाम घालतो, अशी कल्पना मनात बसते, आणि उत्क्रांतीचे आजचे ज्ञान त्या कल्पनेला दुजोरा देत नाही. युक्ती वापरायची तर हे त्याच वेळी सांगावे.

पायरी चौथी: त्वचेवरचे दोन बिंदू

त्वचेवर दोन टोकांनी एकाच वेळी हलका स्पर्श केला तर ती दोन टोके वेगळी जाणवण्यासाठी किमान किती अंतर लागते, हे मोजण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी रूढ केली. तिच्यासाठी कागदाला लावायची क्लिप उघडून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवली आणि फूटपट्टी घेतली की पुरते. प्रत्येकाने स्वतंत्र क्लिप वापरावी आणि तिची टोके बोथट असल्याची खात्री करावी.

ज्याची चाचणी घ्यायची त्याने डोळे मिटावेत. परीक्षकाने कधी एक टोक, कधी दोन टोके टेकवावीत आणि क्रम ठरावीक ठेवू नये; नेहमी दोनच टोके टेकवली तर समोरचा अंदाजाने उत्तर देतो. दोन्ही टोके एकाच क्षणी आणि सारख्याच दाबाने टेकायला हवीत. बोटाच्या टोकापासून सुरुवात करून तळहात, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, दंड, गाल, ओठाची कड आणि पोटरी अशा जागा घ्याव्यात. बोटाच्या टोकावर साधारण २ ते ३ मिलिमीटरचे अंतरही ओळखू येते, तर दंडावर किंवा पोटरीवर ४० मिलिमीटरच्या आसपास अंतर लागते. आकडे माणसागणिक बदलतात, पण क्रम बहुधा बदलत नाही.

मिळालेल्या आकड्यांवरून शरीराचे चित्र काढायचे. जिथे अंतर कमी तिथला अवयव मोठा, जिथे अंतर जास्त तिथला अवयव लहान. काही मिनिटांतच प्रचंड बोटे, मोठे ओठ आणि किरकोळ धड असलेली आकृती कागदावर उभी राहते. वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत उद्दीपन देऊन जो नकाशा मांडला, त्याच्याशी ही आकृती ताडून पाहता येते. मग टोप्या पुन्हा घालाव्यात आणि सेंट्रल सल्कसच्या लगेच मागची, स्पर्श नोंदवणारी पट्टी रंगवावी: पायाचा भाग माथ्यावर आणि दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, त्याखाली धड, मग हात, आणि कानाच्या वर चेहरा. सल्कसच्या लगेच पुढची चालक पट्टी हालचाली चालवते, आणि तिच्यावरही क्रम असाच असतो.

इथे विचारण्याजोगा प्रश्न असा: एका रुग्णाच्या फक्त पायात अशक्तपणा आणि बधिरपणा आला आहे, हात आणि चेहरा ठीक आहेत, इजा या पट्ट्यांच्या कोणत्या टोकाला असेल? नकाशावर हात आणि चेहरा शेजारी आहेत, शरीरावर मात्र हात चेहऱ्यापेक्षा खांद्याच्या अधिक जवळ आहे, याकडेही लक्ष वेधावे. हात गमावलेल्या काही व्यक्तींना गालाला स्पर्श केल्यावर नसलेल्या हातात संवेदना जाणवते, अशी निरीक्षणे विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात मांडली, आणि शेजारच्या भागाने रिकामी जागा व्यापली असा त्यांचा अर्थ लावला. नंतरच्या अभ्यासांत मात्र गमावलेल्या हाताचा नकाशा कॉर्टेक्समध्ये बराच टिकून असल्याचे आढळले. हा वाद वर्गात मोकळेपणाने मांडावा, कारण नकाशा म्हणजे अंतिम सत्य नव्हे हे विद्यार्थ्यांना लवकर कळलेले चांगले.

पायरी पाचवी: साखळीतला संदेश

सगळ्या विद्यार्थ्यांनी एका रांगेत उभे राहून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावा आणि डोळे मिटावेत. शेवटच्याने पुढच्याचा खांदा हलकेच दाबायचा. ज्याला दाब जाणवेल त्याने लगेच आपल्या पुढच्याचा दाबायचा. पहिल्यापर्यंत संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते मोजावे आणि काही फेऱ्यांची सरासरी काढावी. मग हीच कृती बसून, पुढच्याचा घोटा धरून करावी. घोट्यापासून मेंदूपर्यंतचे अंतर खांद्यापासूनच्या अंतरापेक्षा साधारण एक मीटरने जास्त असते, त्यामुळे दोन वेळांमधल्या फरकाने त्या वाढीव अंतराला भागले की चेतातंतूतील संदेशाचा वेग मिळतो. समजा वीस विद्यार्थी आहेत आणि फरक ०.४ सेकंदाचा आला, तर २० मीटर भागिले ०.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूवर हा वेग मोजेपर्यंत तो मोजताच येणार नाही असे मोठे शास्त्रज्ञही मानत होते, हे सांगितले तर स्टॉपवॉच घेतलेल्या मुलांना आपण काय केले याचे मोल कळते.

पायरी सहावी: रुग्णकथा आणि शोध

आता मातीचे नमुने बाहेर काढावेत. प्रत्येक गटाला एक कार्ड द्यावे, ज्यावर फक्त वर्तन लिहिलेले असेल. इजा कुठे आहे ते गटाने शोधायचे, मातीच्या नमुन्यात तिथे टाचणी टोचायची आणि कारण सांगायचे. त्यानंतरच उत्तराचे दुसरे कार्ड उघडावे.

पहिले कार्ड पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये तपासलेल्या लेबोर्न्य या रुग्णाचे असावे. त्याला समोरच्याचे बोलणे बरेचसे समजत असे, पण त्याच्या तोंडून जवळजवळ ‘टान’ एवढेच उमटत असे. मृत्यूनंतर त्याच्या डाव्या फ्रंटल लोबच्या मागच्या-खालच्या भागात इजा आढळली. त्याच्या जोडीला १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वर्णन केलेल्या प्रकारचे कार्ड द्यावे: बोलणे ओघवते, पण अर्थहीन, आणि दुसऱ्याचे बोलणे समजत नाही. दोन टाचण्यांमधले अंतर विद्यार्थ्यांनी मोजावे आणि एक चालक पट्टीच्या शेजारी, तर दुसरी श्रवणाच्या क्षेत्राच्या शेजारी का आहे, यावर विचार करावा. ही शेजारपणाची संगती लागली की पाठांतराची गरजच उरत नाही.

फिनियास गेजचे कार्ड देताना शिक्षकाने विशेष काळजी घ्यावी. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावर स्फोट होऊन सुमारे ६ किलो वजनाची, एक मीटरपेक्षा थोडी लांब लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला आणि १८६० पर्यंत जगला. त्याचा स्वभाव पार बदलून तो कायमचा बेजबाबदार झाला, एवढीच गोष्ट बहुधा सांगितली जाते. पण पुढे त्याने चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी चालवण्याचे काम केले, आणि हे काम शिस्त, नियोजन व माणसांशी व्यवहार यांशिवाय जमणारे नाही. हा दुसरा भाग कार्डावर असायलाच हवा. मेंदू सावरू शकतो, आणि एका माणसाचे आयुष्य धड्यातल्या एका वाक्यात कोंबणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायला हव्यात.

हेन्री मोलेसन यांचे कार्ड सर्वांत शेवटी घ्यावे आणि त्याला कृतीची जोड द्यावी. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि आसपासचा भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. त्यानंतर नवे प्रसंग आणि नव्या व्यक्ती त्यांच्या स्मरणात राहत नसत. तरीही ब्रेंडा मिलनर यांनी आरशात पाहून तारा गिरवण्याचे काम त्यांना दिले, तेव्हा ते काम आपण आधी केल्याचे त्यांना आठवत नसतानाही दिवसेंदिवस त्यांच्या चुका कमी होत गेल्या. वर्गात प्रत्येकाने आरशात पाहून दुहेरी रेषेची चांदणी गिरवावी, आणि हात थेट न दिसावा म्हणून मध्ये पुठ्ठा धरावा. पहिल्या प्रयत्नात कोपऱ्यांवर पेन्सिल अडते, उलट्या दिशेला जाते, मुले वैतागतात. काही प्रयत्नांनी हात सरावतो. काय बदलले हे शब्दांत सांगा, असे विचारल्यावर कोणालाही नीट सांगता येत नाही. प्रसंगांची आठवण आणि हाताचे कौशल्य यांची यंत्रणा वेगळी आहे, हे या क्षणी सांगितले तर ते मनात ठसते. नमुन्यात प्रसंगांच्या आठवणीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस, आणि हाताच्या कौशल्याशी जोडलेले बेसल गँग्लिया व लहान मेंदू एकेक करून दाखवावेत.

रुग्णकथा सांगताना वर्गात कोणाच्या घरी पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा अपस्मार असू शकतो याचे भान ठेवावे. विषयाची आधी कल्पना द्यावी, रुग्णांची नक्कल करून हशा पिकवू देऊ नये आणि ज्याला बाहेर थांबायचे असेल त्याला कारण विचारू नये.

पायरी सातवी: दोऱ्यांचे जाळे

इथवर आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात एक भाग म्हणजे एक काम असे समीकरण तयार झालेले असते, आणि ते मोडणे हे शिक्षकाचे शेवटचे मोठे काम आहे. जमिनीवर खडूने वरून पाहिलेल्या डोक्याची मोठी बाह्यरेषा काढावी. पुढे दोन डोळे, मागे डावा आणि उजवा ऑक्सिपिटल लोब. दृष्टीच्या डाव्या क्षेत्राची माहिती दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांच्या उजव्या अर्ध्यावर पडते, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या उजव्या अर्ध्यातून लाल दोरे उजव्या ऑक्सिपिटल लोबला न्यावेत, आणि डाव्या अर्ध्यांतून निळे दोरे डाव्या लोबला. नाकाकडचे दोन दोरे मध्ये एकमेकांना ओलांडतात. तेच ऑप्टिक कायझम. उजवा डोळा म्हणजे डावा मेंदू, ही चुकीची समजूत इथे डोळ्यांदेखत दूर होते. मग कात्री घेऊन विचारावे: डावा दृष्टिचेता कापला तर? फक्त डावा डोळा जाईल. कायझम मधोमध कापला तर? दोन्ही बाजूंची बाहेरची दृष्टी जाईल. कायझमच्या मागे उजवीकडचे दोरे कापले तर? दोन्ही डोळे शाबूत असूनही डावीकडचे अर्धे जग दिसणार नाही.

कॉर्पस कॅलोसमसाठी दोन विद्यार्थ्यांना शेजारी-शेजारी, वर्गाकडे तोंड करून बसवावे आणि त्यांचे आतले हात पाठीमागे ठेवायला सांगावे. त्यांच्या स्वतःच्या डावीकडे बसलेल्याचा डावा हात हा उजव्या अर्धगोलाचा, आणि उजवीकडे बसलेल्याचा उजवा हात हा डाव्या अर्धगोलाचा. बोलण्याची परवानगी फक्त डाव्या अर्धगोलाला. दोघांचे डोळे बांधून डाव्या हातात किल्ली द्यावी आणि हातात काय आहे ते विचारावे. बोलणाऱ्याला सांगता येत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला बोलता येत नाही, पण समोर ठेवलेल्या वस्तूंतून तो तीच वस्तू चाचपून उचलू शकतो. ज्यांच्या दोन्ही अर्धगोलांमधली जोडणी शस्त्रक्रियेने तोडली होती अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी आणि मायकल गाझानिगा यांनी केलेल्या प्रयोगांत हेच दिसले, आणि स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तर्कशुद्ध माणसे डाव्या मेंदूची आणि कलावंत उजव्या मेंदूचे, ही विभागणी या प्रयोगांतून निघत नाही, हेही लगेच स्पष्ट करावे. जोडणी शाबूत असलेल्या माणसात दोन्ही अर्धगोल सतत एकत्र काम करतात.

मूल्यमापन कसे करावे

प्रत्येक तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे कोऱ्या कागदावर आठवणीतून मेंदूचे चित्र काढायला लावावे आणि गुण देऊ नयेत. पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतः आठवून काढल्याने ज्ञान अधिक टिकते, हे स्मृतीच्या संशोधनातून चांगले सिद्ध झालेले आहे. अंतिम चाचणीत नावे जोडण्याच्या प्रश्नाला फार गुण देऊ नयेत. त्याऐवजी असा प्रश्न द्यावा: पक्षाघातानंतर एका बाईंचे बोलणे अडखळते, पण त्यांना समजते सगळे, उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू अशक्त आहे, पाय मात्र जवळजवळ ठीक आहे. इजा कुठे असेल, आणि पाय का वाचला? हे उत्तर देण्यासाठी टोपीवरचा डावा फ्रंटल लोब, ब्रोका क्षेत्राला लागून असलेली चालक पट्टी, बाजूंची अदलाबदल (डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो) आणि पायाचा नकाशा मधल्या फटीत असणे, या चारही गोष्टी एकत्र आणाव्या लागतात. गुण देताना भागाचे नाव चुकले पण जागा आणि कारण बरोबर असेल, तर बहुतांश गुण द्यावेत. नाव बरोबर आहे पण कारण नाही, अशा उत्तराला निम्म्याहून अधिक गुण देऊ नयेत, आणि हा नियम विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगून ठेवावा.